रँडम म्हणजे ‘कसंही’ नव्हे

“आम्ही रँडमली वीस जणांशी बोललो.” हे वाक्य अधूनमधून कानावर पडतं आणि दर वेळी कपाळाला आठी पडते. कारण ‘निवडले कसे?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “असंच. समोर दिसले त्यांना विचारलं.” म्हणजे जे त्या वेळी जागेवर होते, ज्यांच्या हातात वेळ होता, ज्यांना बोलायला आवडतं आणि ज्यांच्याकडे जाताना विचारणाऱ्याला संकोच वाटला नाही, असे वीस जण. याला ‘सापडले ते घेतले’ म्हणा, ‘सोयीने निवडले’ म्हणा. रँडम मात्र म्हणू नका.

रोजच्या बोलण्यातल्या ‘रँडम’शी माझं भांडण नाही. ‘रँडम नंबरवरून फोन आला’ म्हणजे अनोळखी नंबरवरून. ‘काय रँडम बोलतोयस!’ म्हणजे संदर्भ सोडून. चालू द्या. हा शब्द इंग्रजीत आला तो जुन्या फ्रेंचमधून, आणि तिथे त्याचा अर्थ होता बेफाम धाव, मुसंडी. संख्याशास्त्राने त्याला आपल्या कामाला लावलं ते बरंच नंतर. तेव्हा ‘मूळ अर्थ’ कुणाचा, या वादात गणितवाल्यांची बाजू पडतीच आहे.

चीड येते ती हा शब्द शिक्क्यासारखा मारला जातो तेव्हा. सर्वेक्षण, सोडत, तपासणीसाठी काढलेले नमुने, औषधाची चाचणी, पासवर्ड या ठिकाणी ‘रँडम’ म्हणणं म्हणजे एक ठोस दावा करणं आहे. दावा असा की या निवडीत कुणाची इच्छा, सवय किंवा सोय शिरलेली नाही, आणि यादीतल्या प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता किती होती हे आधीच सांगता येतं. दाव्याचा हा दुसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक विसरतात.

समजा, २०० जणांची यादी आहे. सगळ्यांना क्रमांक दिले आणि सोडत काढून १० जण निवडले. प्रत्येकाची शक्यता २० मध्ये १. ही शक्यता माहीत असल्यामुळेच पुढचं गणित करता येतं: या दहांच्या उत्तरावरून दोनशेंचं उत्तर किती फरकाने चुकू शकेल, त्याचा अंदाज बांधता येतो. आता तेच दहा जण ‘समोर दिसले’ म्हणून घेतले, तर रात्रपाळीच्या माणसाची शक्यता शून्य होती, सुट्टीवर असलेल्याची शून्य, दाराजवळ बसणाऱ्याची भरपूर. नेमकी किती, ते विचारणाऱ्यालाही ठाऊक नाही. मग फरकाचा हिशेब मांडायचा कशाच्या जोरावर?

इथे लोक म्हणतात, “मग जास्त लोकांना विचारू.” याचं उत्तर १९३६ मध्येच मिळालेलं आहे. त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती: विद्यमान अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट विरुद्ध आल्फ लँडन. ‘लिटररी डायजेस्ट’ या मासलेवाईक उत्साहाच्या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. त्यातल्या २० लाखांहून जास्त भरून परत आल्या. एवढा प्रचंड नमुना आजही क्वचितच कुणी गोळा करत असेल. त्यावरून साप्ताहिकाने लँडन आरामात जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्टना जवळजवळ ६१ टक्के मतं पडली आणि लँडनच्या वाट्याला फक्त दोन राज्यं आली, मेन आणि व्हरमाँट. पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारींच्या नोंदण्या यांवरून. आणि मंदीच्या त्या काळात फोन किंवा मोटार बाळगणारा माणूस म्हणजे खाऊनपिऊन सुखी माणूस. त्यात पुन्हा ज्यांना रूझवेल्टवर राग होता त्यांनी हौसेने पत्रिका भरून पाठवल्या, बाकीच्यांनी टोपलीत टाकल्या. नमुन्यात झोल असेल तर तो मोठा केल्याने झोल जात नाही. उलट चुकीच्या उत्तरावरचा विश्वास तेवढा वाढतो.

त्याच वेळी जॉर्ज गॅलपने सुमारे ५० हजार लोकांच्या नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला, ही गोष्ट पुस्तकांत नेहमी येते. सांगितलं जात नाही ते हे, की गॅलपचा नमुनाही रँडम नव्हता. इतके पुरुष, इतक्या बायका, इतके शेतकरी असे वाटे ठरलेले असायचे, आणि त्या वाट्यात नेमकं कुणाला गाठायचं ते मुलाखत घेणारा ठरवायचा. बारा वर्षांनी, १९४८ मध्ये, ट्रूमन विरुद्ध ड्यूई या लढतीत गॅलपसकट सगळे मोठे अंदाज तोंडघशी पडले. त्यानंतर मुलाखतकाराच्या हातातली ही मोकळीक हळूहळू काढून घेण्यात आली.

माणसाला ‘काहीही सुचेल ते’ करायला सांगितलं की तो रँडम वागत नाही, हे घरबसल्या तपासून बघता येतं. कागदावर मनानेच २० वेळा नाणं उडवा: छापा, काटा, काटा, छापा… जसं सुचेल तसं लिहीत जा. मग खरं नाणं घेऊन २० वेळा उडवा आणि शेजारी लिहा. दोन्ही ओळी तिसऱ्या माणसाला दाखवल्या तर खरी कुठली ते तो बहुधा ओळखेल. त्याने फक्त एकच बघायचं: सलग एकच बाजू किती वेळा आली आहे. खऱ्या नाण्याच्या २० फेकींत कुठे ना कुठे सलग चार छापे किंवा सलग चार काटे येण्याची शक्यता जवळपास ७७ टक्के आहे. सलग पाच येण्याची ४६ टक्के. मनाने लिहिताना मात्र तीन छापे झाले की हात थबकतो. ‘आता काटा यायला हवा, नाहीतर खोटं वाटेल,’ असं आतून कुणीतरी सांगतं. आणि तो चौथा छापा टाळला की खोटेपणा तिथेच उघडा पडतो.

दुसऱ्या बाजूने बघितलं, तर खरा रँडमपणा आपल्याला संशयास्पद वाटतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर जर्मनीचे व्ही-१ हे उडते बाँब पडत होते. काही भागांत एकावर एक, काही भाग कोरडे. लोकांना वाटायचं, नेम धरून मारतायत. आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने १९४६ मध्ये याचा हिशेब प्रसिद्ध केला. दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा पट्टा घेऊन त्याने त्याचे पाव-पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडले. त्यात एकूण ५३७ बाँब पडले होते. बाँब कुठलाही नेम न धरता पडले असते तर एकही बाँब न पडलेले चौकोन किती असते? गणित म्हणतं, साधारण २२७. प्रत्यक्षात निघाले २२९. एक बाँब पडलेले अपेक्षित २११, प्रत्यक्षात २११. दोन पडलेले अपेक्षित ९८-९९, प्रत्यक्षात ९३. तीन पडलेले ३१ अपेक्षित, प्रत्यक्षात ३५. चार पडलेले ७ आणि ७. पाच किंवा जास्त पडलेला एकच चौकोन होता, तिथे गणित एक-दोनची अपेक्षा करत होतं.

या आकड्यांपाशी जरा थांबा. ५७६ चौकोन आणि ५३७ बाँब, म्हणजे सरासरी चौकोनाला एकापेक्षा थोडा कमी. आपल्या मनातला ‘रँडम’ म्हणजे बाँब जवळजवळ सगळीकडे एकेक पसरलेले. पण तसं होण्यासाठी प्रत्येक बाँबला आधीचे बाँब कुठे पडलेत ते ठाऊक असावं लागेल. ज्याला मागचं काही ठाऊक नाही तो पुन्हा त्याच जागी पडणारच. समान पसरलेली गोष्ट दिसली की समजावं, इथे कुणाचा तरी हात आहे. घोळके आणि मोकळ्या जागा हे रँडमपणाचं नेहमीचं रूप.

गाण्यांच्या शफलबद्दल हीच तक्रार असायची: ‘एकाच गायकाची तीन गाणी पाठोपाठ लागली, हे कसलं रँडम?’ ॲपलने २००५ मध्ये आयट्यून्समध्ये सारखी गाणी लांब-लांब ठेवण्याची सोय दिली, आणि रँडम वाटावं म्हणून आम्ही ते कमी रँडम करतोय, असं स्टीव्ह जॉब्सने तेव्हा सरळ सांगून टाकलं. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ठीकच आहे ते. गाणी ऐकायची आहेत, संख्याशास्त्राचा पेपर सोडवायचा नाही.

जुगारात मात्र हाच गैरसमज महागात पडतो. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या चाकावर लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला. लोक दर फेरीला लालवर जास्त पैसे लावत गेले, कारण ‘आता तरी लाल येणारच’. चाकाला आठवण नसते. सव्विसाव्या फेरीला लाल येण्याची शक्यता पहिल्या फेरीएवढीच होती.

आणखी एक गैरसमज पटकन उरकून टाकू. रँडम म्हणजे सगळ्यांची शक्यता सारखी, असं अनेकांना वाटतं. तसं असलंच पाहिजे असं नाही. दोन फासे टाकले तर बेरीज ७ येण्याचे ३६ पैकी ६ मार्ग आहेत आणि २ येण्याचा एकच. तरीही प्रत्येक डाव रँडमच. शक्यता माहीत असणं महत्त्वाचं, सारखी असणं नव्हे.

मग खरा रँडमपणा आणायचा कसा? चिठ्ठ्या टाकून आणि ढवळून, असं आपण सहज म्हणतो. ढवळणं किती अवघड असतं ते अमेरिकेला १ डिसेंबर १९६९ रोजी कळलं. व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांना कोणत्या क्रमाने सैन्यात बोलवायचं, त्याची सोडत होती. वर्षातल्या ३६६ तारखा प्लॅस्टिकच्या कॅप्सूलमध्ये घातल्या होत्या आणि त्या एकेक करून काढल्या. पहिली निघाली १४ सप्टेंबर. जी तारीख आधी निघेल, त्या दिवशी जन्मलेल्यांना आधी बोलावणं. निकाल लागल्यावर लोकांनी महिन्यागणिक सरासरी काढली. सोडत खरी असती तर प्रत्येक महिन्याचा सरासरी क्रमांक १८३-१८४ च्या आसपास यायला हवा होता. जानेवारीचा आला सुमारे २०१, डिसेंबरचा सुमारे १२२. डिसेंबरात जन्मलेली मुलं भराभर वर आली होती. कारण शोधलं तर अगदी साधं निघालं. कॅप्सूल महिन्याच्या क्रमाने पेटीत टाकल्या होत्या. जानेवारीच्या कॅप्सूल आधी पडल्या, त्यामुळे त्या अनेकदा ढवळल्या गेल्या. डिसेंबरच्या कॅप्सूल शेवटी पडल्या, आणि नीट मिसळल्याच नाहीत. कुणी लबाडी केली नव्हती. हात सगळ्यांचे स्वच्छ होते, फक्त ढवळणं कमी पडलं. पुढच्या सोडतीच्या वेळी आधीच तयार केलेल्या रँडम आकड्यांच्या क्रमांचा आधार घेतला गेला आणि तारखांचं एक व क्रमांकांचं एक अशी दोन वेगळी पिंपं ठेवली गेली.

औषधांच्या बाबतीत तर निवड करणाऱ्याचा हात स्वच्छ असूनही तो बांधावाच लागतो. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन चालतं का, याची ब्रिटनमधली चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. १०७ रुग्ण होते. त्याआधी अनेक ठिकाणी ‘एक सोडून एक’ पद्धत असायची: पहिल्या रुग्णाला नवं औषध, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला पुन्हा. वरवर बघता न्याय्य. पण पुढचा क्रमांक औषधाचा आहे हे डॉक्टरला दिसतं, आणि समोरचा रुग्ण फारच खंगलेला असेल तर ‘याला आज नको, उद्या दाखल करू’ असं मनात येऊ शकतं. तेही दयेपोटी. असं चार-पाचदा झालं की दोन गट मुळातच वेगळे होतात. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने रँडम आकड्यांवरून वाटणी ठरवली आणि ती बंद पाकिटांत ठेवली. रुग्ण चाचणीत घ्यायचा हे पक्कं झाल्यावरच पाकीट फोडायचं. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ जण दगावले होते, औषध न मिळालेल्या ५२ पैकी १४. हा फरक औषधाचा, असं छातीठोकपणे म्हणता आलं ते त्या पाकिटांमुळे.

आता कॉम्प्युटर. “कॉम्प्युटरने रँडम काढलंय,” असं म्हटलं की चर्चा संपते. खरं तर तिथे ती सुरू व्हायला हवी, कारण कॉम्प्युटर हे सांगितलं तेवढंच करणारं यंत्र आहे. त्याच्याकडून अनपेक्षित काही काढायचं म्हणजे थोडी हातचलाखी लागते. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनने सुचवलेली एक जुनी रीत कागदावर करून बघता येते. चार अंकी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, आठ अंकांत लिहा आणि मधले चार अंक उचला. १२३४ चा वर्ग ०१५२२७५६, मधले अंक ५२२७. त्याचा वर्ग २७३२१५२९, मधले ३२१५. मग ३३६२, मग ३०३०. दिसायला अगदी विस्कळीत. पण सुरुवात १२३४ ने केली की दर वेळी हीच रांग येणार. आणि सुरुवात २५०० ने केली तर? वर्ग ०६२५००००, मधले अंक पुन्हा २५००. गाडी जागच्या जागी रुतली. अशा रीतीने रँडम अंक काढू पाहणारा पापच करत असतो, असं खुद्द फॉन नॉयमननेच गमतीने म्हणून ठेवलंय.

आजच्या रीती यापेक्षा फार चांगल्या आहेत, पण जात तीच: सुरुवातीचा एक आकडा, ज्याला सीड म्हणतात, आणि त्यापुढे ठरलेलं गणित. खेळासाठी, हवामानाच्या आराखड्यांसाठी एवढं पुरतं. पासवर्ड आणि बँकेच्या कुलपांसाठी पुरत नाही, कारण तिथे समोर कुणीतरी सीड ओळखायला टपलेला असतो. लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीच्या डेबियन नावाच्या आवृत्तीत २००६ मध्ये एका दुरुस्तीत कोडच्या ओळी काढल्या गेल्या आणि सीडमध्ये मिसळला जाणारा बाकीचा सगळा मालमसाला गळाला. उरला फक्त चालू प्रोग्रामचा क्रमांक. त्याच्या शक्यता जेमतेम ३२ हजारांच्या घरात. म्हणजे विश्वाच्या अंतापर्यंत न सापडावी अशी किल्ली ३२-३३ हजार प्रयत्नांत सापडू लागली, आणि हे ध्यानात आलं मे २००८ मध्ये. दीड वर्षाहून जास्त काळ त्या किल्ल्या दिसायला पूर्ण रँडमच होत्या.

दिसण्यावर जाऊ नये, याचं करमणुकीचं उदाहरण १९८४ चं आहे. अमेरिकेतल्या ‘प्रेस युअर लक’ या टीव्हीवरच्या खेळात फळ्यावरचा दिवा इकडून तिकडे पळायचा आणि स्पर्धकाने बटण दाबून तो थांबवायचा. मायकेल लार्सन नावाच्या माणसाने घरी भाग रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा बघितले, तेव्हा त्याला कळलं की दिव्याच्या पळण्याचे मोजून पाचच नमुने आहेत. ते त्याने पाठ केले, कार्यक्रमात गेला आणि १,१०,२३७ डॉलरची कमाई करून आला. वाहिनीने चौकशी केली. त्यात फसवणूक काही सापडली नाही, पैसे द्यावेच लागले.

तेव्हा पुढच्या वेळी दोनशेंतून दहा जण रँडम निवडायचे असतील तर आधी पूर्ण यादी करा. रात्रपाळीची, रजेवरची, नुकती रुजू झालेली माणसंही त्यात घ्या. बहुतेक ‘रँडम’ निवडी इथेच बिघडतात, सोडतीत नाही. क्रमांक द्या, स्प्रेडशीटला दहा आकडे काढायला सांगा, आणि ज्यांची नावं निघाली त्यांनाच गाठा. एखादा फोन उचलत नाही म्हणून त्याच्या शेजारच्याला धरलं की पुन्हा ‘सापडले ते’ सुरू झालं.

सगळ्यात मोठा मोह येतो तो निकाल बघितल्यावर. दहापैकी सहा जण एकाच विभागातले निघाले की कुणीतरी म्हणतंच, “हे काही रँडम वाटत नाही, परत काढू.” परत काढलं, मनासारखं आलं की थांबलं, म्हणजे निवड तुम्हीच केली, स्प्रेडशीट नुसतं साक्षीला. प्रत्येक विभागातून माणसं हवीच असतील तर ते सोडतीआधी ठरवा, विभागवार याद्या करा आणि प्रत्येक यादीतून वेगळी सोडत काढा. संख्याशास्त्रात याला रीतसर मान्यता आहे. निकाल न आवडल्यावर पुन्हा काढण्याला नाही.